२४ व्होल्टचा जुना ट्रक, १२ व्होल्टचा नवा टेप : कुठून सुरुवात करू?

जुनी_गाडी_नवा_चालक

नमस्कार मंडळी,

वडिलांनी वीस-बावीस वर्षं चालवलेला ट्रक आता माझ्या हाती आलाय. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स कुरकुरतो पण ऐकतो. मुका आहे तो टेप. टेप म्हणजे खरं तर रेडिओ-कॅसेट, दोन बाजूंना दोन गोल खुंट्या आणि मधे काटा सरकणारी पट्टी. आवाज जाऊन बरीच वर्षं झाली, पण डावी खुंटी फिरवली की अजून 'टक्' होतं आणि पट्टीमागचा दिवा लागतो.

नवा सेट आणून ठेवलाय. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम, एएम आहे, सीडी नाही. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलंय. ट्रक २४ चा. वायरिंगवाला म्हणतो, "दोन बॅटऱ्या आहेत ना, एकीवरून घेऊ, दहा मिनिटांचं काम." मला त्यात वावगं दिसत नाही, पण दहा मिनिटं म्हटलं की मला धास्तीच वाटते. शिवाय डॅशबोर्डचं भोक नव्या सेटला लहान आहे. पत्रा कापावा का? कुणी केलंय का हे?

तारतम्य

थांबा. एकीवरून घेऊ नका.

दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असतात आणि अल्टरनेटर दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. कुणाच्या वाट्याला किती, हे तो बघत नाही. खालच्या बॅटरीवर (जिचं ऋण टोक चासीला आहे ती) टेप लावला की ती रोज थोडी जास्त रिकामी होते. टेप ३ अँपिअर ओढतो आणि दिवसाला ६ तास वाजतो असं धरा, म्हणजे १८ अँपिअर-तासांचा फरक, आणि तोही एकीच्याच अंगावर. मग चार्ज होताना ती १३ व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि उरलेले १५ वरचीच्या माथी बसतात. खालची कायम उपाशी, वरचीला अजीर्ण.

आणि चुकून वरच्या बॅटरीवरून घेतलंत तर त्याहून वाईट. सेटची पेटी आणि अँटेनाच्या वायरीवरची जाळी, दोन्ही सेटच्या ऋण टोकाला आतून जोडलेली असतात. ती पेटी केबिनच्या पत्र्याला टेकली की खालची बॅटरी सरळ शॉर्ट. अँटेनाची वायर टोकापासून टोकापर्यंत पेटताना मी पाहिली आहे, परत बघायची इच्छा नाही.

रात्रपाळी

उगाच घाबरवू नका हो माणसाला. मी सात वर्षं एका बॅटरीवर टेप वाजवतोय. काही झालेलं नाही.

तारतम्य

@रात्रपाळी, एकच सांगा. पाणी कुठल्या बॅटरीत जास्त घालावं लागतं?

रात्रपाळी

वरच्या. का?

तारतम्य

आणि बदलावी कुठली लागली?

रात्रपाळी

खालची. दोनदा.

बरं. कळलं. मी आपलं विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

फ्यूजउडाला

सात वर्षांचा खटला सात मिनिटांत निकाली. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

तारतम्य

आता काय करायचं ते. २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दोन प्रकार मिळतात आणि बाहेरून दोन्ही ॲल्युमिनिअमच्या पंखांचे डबेच दिसतात. एक जुन्या पद्धतीचा ड्रॉपर, जो वरचा व्होल्टेज उष्णतेत जाळतो. टेपला १३.८ व्होल्टवर ३ अँपिअर दिले तर जवळपास ४१ वॉट टेपला आणि तितकेच ४१ वॉट नुसते गरम होण्यात. दुसरा स्विचिंगचा, जो सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. तो फारसा तापत नाही, पण एएमवर खरखर करू शकतो. माझं मत स्विचिंगचं, सतत १० अँपिअर देणारा, आणि अँटेनाच्या वायरीपासून जितका दूर बसवता येईल तितका दूर. डॅशबोर्डच्या आत कोंबू नका, हवा लागली पाहिजे.

फ्यूज २४ च्या बाजूला, बॅटरीच्या जवळ. कन्व्हर्टरच्या जवळ लावलेला फ्यूज कन्व्हर्टर वाचवतो. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर घासून पत्र्याला लागली तर तो काही करू शकत नाही.

पुढचं नीट वाचा, सगळ्यात जास्त सेट इथेच मरतात. पिवळी वायर मेमरीची (कायम सप्लाय), लाल चावीची, काळी अर्थ. लोक पिवळी कन्व्हर्टरवर लावतात आणि लाल मात्र चावीच्या जुन्या वायरीला जोडून मोकळे होतात. त्या वायरीत २४ असतात! लालसुद्धा १२ चीच हवी. तसंच नारिंगी, ती पार्किंग दिवे लागले की पडदा मंद करते. ट्रकात दिव्याच्या स्विचमधून २४ येणार. नारिंगीला टेप गुंडाळून गप्प ठेवा (चिकट टेप म्हणतोय, गाण्याचा नाही). निळी आणि निळी-पांढरी या सेटमधून बाहेर येतात, अँटेनाच्या बूस्टरला आणि ॲम्प्लिफायरला जागं करायला. त्यांत बाहेरून काही घालू नका.

मौनी

+१. माझा पहिला सेट नारिंगीमुळेच गेला. दिवसभर छान वाजला, संध्याकाळी दिवे लावले आणि धूर.

जुनी_गाडी_नवा_चालक

बापरे. नारिंगी मी पहिल्याच फटक्यात जोडली असती.

मग कन्व्हर्टर चावीवर ठेवू की कायम? कायम नसेल तर स्टेशनं विसरणार ना?

तारतम्य

टेप बंद असला तरी कन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातच असतो. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. ट्रक महिनाभर उभा राहणार असेल तर सकाळी सेल्फ मारताना त्याची आठवण होईल. मी रिले (चावीच्या वायरीने चालू-बंद होणारा स्विच) लावून चावीवर ठेवतो. मेमरीसाठी वेगळं बारीक आउटपुट असलेले कन्व्हर्टरही मिळतात, ते मिळालं तर उत्तमच. नाहीतर घड्याळ रोज लावा नाहीतर त्याच्याकडे बघू नका.

कोनाडा

वीज सोडून थोडं लोखंडाबद्दल. आताच्या सेटचं माप ठरलेलं आहे, भोक १८२ × ५३ मिमी. दोन खुंट्यांच्या जुन्या सेटला मधे चौकोन आणि बाजूला दोन गोल छिद्रं असायची, त्यामुळे हा बसत नाही. कापलात तर परत जोडता येत नाही, म्हणून मी कापण्याच्या विरोधात. केबिनमधे डोक्यावर फळी असेल तर तिच्याखाली लोखंडी पेटी करून लटकवा. सीडी नसलेला सेट लांबीला आखूड असतो, त्याला फार खोली लागत नाही.

दुसरं म्हणजे सेटच्या पाठीमागे मधोमध एक बोल्ट असतो. कारमधे तो कुणी वापरत नाही. ट्रकात वापराच. भोकदार पट्टी घेऊन मागून आधार द्या, नाहीतर चार-सहा महिन्यांत धक्क्यांनी पुढची चौकट सैल होते आणि सेट मांडीवर येतो. अक्षरशः.

खरखर

मला कुणी विचारलं नाही तरी बोलतो. तो जुना सेट फेकू नका. पट्टीमागचा दिवा लागतोय म्हणजे सप्लाय आतपर्यंत पोचतोय. तो सेट २४ वर चालणारा, त्याच भोकात बसणारा, अर्ध्या आयुष्याची धूळ खाल्लेला. त्याचं काही बिघडलंय असं तुम्हाला नक्की कुणी सांगितलं?

जुनी_गाडी_नवा_चालक

आवाज येत नाही ना काका.

खरखर

आवाज सेट काढत नाही, स्पीकर काढतो. स्पीकर किती आहेत? आणि प्रत्येकाला वायरी किती?

जुनी_गाडी_नवा_चालक

आत्ता बघून आलो. एकच स्पीकर, क्लीनरच्या बाजूला, जाळीमागे. वायर एकच येते. दुसरं टोक छोट्या स्क्रूने केबिनच्या पत्र्याला.

तारतम्य

बरं झालं विचारलंत, हे राहूनच गेलं होतं. नव्या सेटला ही पद्धत चालत नाही! जुन्या सेटमधे स्पीकरचं एक टोक बॉडीला असायचं. आताच्या सेटमधे स्पीकरची दोन्ही टोकं चालती असतात, अर्थच्या हिशेबाने दोन्हींवर सप्लायच्या साधारण निम्मे व्होल्ट उभे असतात. त्यातलं एक बॉडीला लावलं की आतला आयसी (आवाज मोठा करणारी चिप) नशीब असेल तर स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर जातो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी ओढा. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्या-त्या रंगाची ऋण. मागचे स्पीकर नसतील तर हिरव्या-जांभळ्या चारही वायरींची टोकं वेगवेगळी गुंडाळा, एकत्र पिळू नका.

खरखर

आता दीड व्होल्टचा सेल घ्या, घड्याळातला चालेल. स्पीकरची दोन्ही टोकं सोडवा आणि सेल क्षणभर टेकवा. 'खर्र' झालं तर जिवंत. आणि कागद बाहेर आला तर सेलचं धन जिथे टेकलंय तो प्लस, आत गेला तर उलट. नवे स्पीकर लावतानाही हे करा. दोन स्पीकर उलटसुलट लागले की वाजतात दोन्ही, पण ढोलाचा ठोका गायब होतो आणि माणूस सेटला नावं ठेवत बसतो.

जुनी_गाडी_नवा_चालक

(दुसऱ्या दिवशी)

स्पीकर मेलेला आहे. सेल टेकवला, काही नाही. उलटा टेकवला, काही नाही. जाळी काढली तर कागद कडेने फाटलेला, आणि मधल्या कॉइलकडे जाणारी विणलेली बारीक तार तुटून लोंबत होती.

मग घरातला एक जुना ४ ओहमचा स्पीकर आणला, एक टोक त्या वायरीला, दुसरं पत्र्याला धरलं आणि डावी खुंटी फिरवली.

वाजला.

आधी नुसती फस्सस्. खुंटी मागेपुढे केली तशी करकर झाली आणि मग त्यातून बातम्यांचा आवाज वर आला. मी स्पीकर हातात धरून क्लीनरच्या सीटवर तसाच बसून होतो. वडिलांना फोन केला. म्हणाले, "तो कुठे बिघडला होता? आवाज बंद झाला होता फक्त."

फ्यूजउडाला

काकांच्या या वाक्याला फ्रेम करा.

खरखर

:) खुंटीची करकर म्हणजे आतल्या पॉटच्या (खुंटीबरोबर फिरून आवाज कमी-जास्त करणारा भाग) पट्टीवर घाण. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कॅसेट वाजणार नाही, आतला रबरी पट्टा एव्हाना डांबरासारखा झाला असेल. हात लावाल तर बोटं काळी होतील. असू द्या.

हौस असेल तर फोनचा आवाजही यातूनच काढता येतो. व्हॉल्यूमच्या पॉटच्या गरम टोकावर (जिथे रेडिओचा आवाज आत येतो तिथे) ब्लूटूथच्या सर्किटच्या छोट्या पाटीचं आउटपुट मधे कपॅसिटर घालून सोडायचं, आणि पाटीच्या ५ व्होल्टची वेगळी सोय करायची. मी केलंय. पण ते सोल्डरिंगला सरावलेल्या हाताचं काम आहे, पहिलाच प्रयोग वडिलांच्या सेटवर नको.

रात्रपाळी

मग आता नव्या सेटचं काय? परत करणार?

जुनी_गाडी_नवा_चालक

नाही. रात्रीच्या फेरीत फोनवरची गाणी लागतातच, आणि फोन आला तर कानाला धरायचा नाहीये. ठरवलंय असं : जुना डॅशबोर्डमधे जागच्या जागी, एका नव्या स्पीकरसकट. नवा वरच्या फळीखाली, कन्व्हर्टर आणि दोन वेगळे स्पीकर घेऊन. पत्रा कापायचा प्रश्नच मिटला.

कोनाडा

🙏 हे आवडलं. फळीखाली बोल्ट मारताना ड्रिलचा कीस वायरिंगवर पडू देऊ नका, खाली ओलं फडकं धरा. आणि बॅटरीचं कनेक्शन सोडताना चासीला जाणारं ऋण आधी. धन आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर पाना तिथेच चिकटेल.

तारतम्य

आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडायची नाही. अल्टरनेटरचा झटका २४ च्या गाडीत शंभर व्होल्टच्या वर जातो. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही दोन्ही टोकं सोडायची. मोठमोठे सेट त्यात गेलेत आणि दोष कंपनीवर गेलाय.

जुनी_गाडी_नवा_चालक

(आठवड्याने)

बसवला! काम दहा मिनिटांचं नव्हतं, दोन रविवार गेले. कन्व्हर्टर सीटच्या मागच्या भिंतीवर, १३.७ देतोय. नारिंगी गुंडाळलेली. मागून पट्टीचा आधार. ब्लूटूथवर आवाज स्वच्छ.

पण दोन तक्रारी आहेत. एक, रेडिओ लावला की 'कुंईंईं' असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की त्याची पट्टी चढते. दोन, नव्या सेटवर एएमची स्टेशनं लागतच नाहीत. त्याच जागी उभं राहून खालचा म्हातारा तीन-तीन स्टेशनं पकडतो. नवा सेट खराब निघाला का?

तारतम्य

कुंई ब्लूटूथवर येत नाही आणि फक्त रेडिओवर येते, म्हणजे सप्लायमधून येत नाहीये, अँटेनामधून येते आहे. अँटेना नवी लावलीत का? तिच्या बुडाखालचा रंग खरवडलात?

जुनी_गाडी_नवा_चालक

नवी लावली, छताच्या कडेला. रंग नाही खरवडला. छान रंग आहे, जीव झाला नाही.

तारतम्य

तिथेच आहे तुमची कुंई. अँटेनाच्या बुडाचा पत्र्याशी धातूला धातू असा संबंध लागतो. सेटमधून अँटेनाची पिन काढा, मीटर ओहमवर ठेवा. पिनेच्या बाहेरच्या कड्यापासून केबिनच्या उघड्या पत्र्यापर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं. मधल्या टोकाचा बाहेरच्या कड्याशी मात्र मीटरवर काहीच संबंध दिसायला नको. नव्या अँटेनाखाली वॉशरएवढंच गोल खरवडा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा, गंज धरणार नाही.

जाता जाता टेपच्या काळ्या वायरीचंही बघा. सेट मोठ्याने वाजवा आणि कन्व्हर्टरच्या ऋण टोकापासून सेटच्या पेटीपर्यंत व्होल्ट मोजा. ०.१-०.२ च्या वर असेल तर वायर बारीक आहे किंवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबलेला नाही.

जुनी_गाडी_नवा_चालक

कड्यापासून पत्र्यापर्यंत ४७ ओहम आले. खरवडलं, आवळलं, आता ०.३. कुंई गेली. एफएम काचेसारखा.

एएम मात्र तसाच. आता एक विचित्र गोष्ट दिसली. सेट ५४० वर थांबतो, ६३० वर थांबतो, मधे कुठेच नाही. हाताने ढकलत नेला तर ५३०, ५४०, ५५० असा १०-१० ने उडी मारतो. खालच्या काट्यावर मात्र मधेच एक स्टेशन खणखणीत येतंय.

खरखर

हा:! सेट खराब नाही, परदेशी आहे. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत एएमची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. आशिया, युरोप, आफ्रिकेत ९ ने : ५३१, ५४०, ५४९, ५५८ असं करत १६०२ पर्यंत. दोन्ही मोजण्या ९० च्या पटीतच एकमेकींना भेटतात, म्हणून तुमचा सेट ५४०, ६३०, ७२० वर बरोबर बसतो आणि बाकी सगळ्यांच्या शेजारून जातो. एफएमचीही तीच गोष्ट, अमेरिकेच्या सेटिंगमधे ०.२ च्या उड्या असतात. मेनूमधे एरिया किंवा ट्यूनर स्टेप असं काहीतरी सापडेल. बदललंत की साठवलेली स्टेशनं पुसली जातील, तेवढी तयारी ठेवा.

मौनी

जपानहून काढून आणलेल्या सेटचा मला असाच अनुभव. तिथल्या जुन्या सेटचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच. वरचा सगळा मुलूख गायब, आणि त्यात सेटिंगने काही होत नाही.

जुनी_गाडी_नवा_चालक

सापडलं! सेट बंद करून एक बटण दाबून धरल्यावर तो मेनू उघडला. अमेरिका होतं, युरोप केलं. ९ ने चालायला लागला. आता वर आणि खाली एकच स्टेशन लावून बघितलं, खालचा थोडा जाडसर बोलतो, वरचा जरा नाकात.

एक राहिलंच. जुना सेट पॉट साफ करायला बाहेर काढला तेव्हा त्याच्या बुडाखाली रबराचा एक जाड तुकडा सापडला. हातावर घेतला तर स्लीपरचा, टाचेकडचा, निळा, सेटच्या मापाला ब्लेडने कापलेला. वरच्या बाजूला पेटीच्या चार कोपऱ्यांचे ठसे उमटलेत. वडिलांना विचारलं तर म्हणाले, सेट खडखडायचा म्हणून घातला होता. काढून चांगलं रबर घालू का?

कोनाडा

इतकी वर्षं दबूनही फुटलं नाही ते रबर? त्याहून चांगलं कुठून आणणार. ठसे जुळवून परत तसंच बसवा.

जुनी_गाडी_नवा_चालक

बसवलं. वडील उद्या येतायत. आधी कुठला लावायचा ते त्यांनाच ठरवू देतो.